तोंडपाठ पेशंट

नर्सिंगच्या मुली त्यांना गाईडकाका म्हणत. केसपेपरवर त्यांचं खरं नाव होतं, पण ते वाचायची वेळ कुणावर येत नसे. दुकानात प्रत्येक विषयाचं गाईड मिळतं, प्रश्नाखाली लगेच उत्तर छापलेलं, मूळ पुस्तक उघडायचीही गरज नाही. तसेच हे काका. उभा जन्म बेकरीच्या भट्टीपुढे गेला, आणि पीठ व धूर दोन्ही छातीत साठवूनच ते निवृत्त झाले. फुप्फुसाचा जुनाट आजार, खोकला, दम, सगळं अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं. त्यामुळे प्रात्यक्षिक परीक्षा आली की कॉलेज त्यांना निरोप धाडी. काका दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, काकूंना बरोबर घेऊन येत, पेशंटचे कपडे चढवत आणि ठरलेल्या खाटेवर बसून एकेका मुलीला पास करत.

पास परीक्षक करतात हे खरं, पण ते कागदावर.

परीक्षेचा प्रकार असा, की मुलीला एक पेशंट नेमून देतात. तिनं त्याला तपासायचं, विचारपूस करायची, मग त्याचं नर्सिंग डायग्नोसिस मांडायचं आणि त्यावरून केअर प्लॅन करायचा. इथे बाहेरच्या माणसाचा हमखास गोंधळ होतो. निदान करायला डॉक्टर बसलाय की, मग नर्सचं वेगळं निदान कसलं? तर डॉक्टर आजाराचं नाव सांगतो, आणि त्या आजारानं माणसाचं काय करून ठेवलंय ते नर्सनं सांगायचं असतं. डॉक्टर म्हणणार न्यूमोनिया. नर्सनं म्हणायचं, खोकलं की बरगडी दुखते म्हणून हा माणूस खोकतच नाही, कफ आतच राहतो, तर घडी केलेली चादर छातीशी धरून खोकायचं कसं ते याला शिकवते. डॉक्टर म्हणणार मधुमेह. नर्सनं म्हणायचं, या बाईंना पायाची जखम दिसतही नाही आणि दुखतही नाही, तेव्हा रोज त्यांची पावलं कोण बघणार ते आधी ठरवू या. काम फार सुंदर आहे. पण कुठल्याही सुंदर कामाची परीक्षा घ्यायला लागलं की त्याचं जे होतं तेच याचंही झालं होतं. मुली ते घोकत.

आणि काकांचं घोकून झालेलं होतं.

"पहिलं काय लिहिलंस?" ते ओठ न हलवता विचारत.

"श्वासमार्ग मोकळा नसणे."

"शाबास. दुसरं?"

"हालचालीनं थकवा येणे."

"पुरावा?"

"जिना चढताना थांबावं लागतं."

"असं मोघम नको, परीक्षक खोलात जातात. पहिला जिना सरळ चढतो, दुसऱ्याला मध्ये थांबतो. लिही."

कित्येक वर्षं काका तो पहिला जिना सरळ चढत होते आणि दुसऱ्याला थांबत होते. मुली बदलल्या, परीक्षक बदलले, जिना काही बदलला नाही.

या वेळी त्यांची खाट धाकटीला मिळाली होती. चार बहिणींतली शेवटची म्हणून घरी तिला धाकटी म्हणत, आणि होस्टेलवर आई भेटायला आली तेव्हा तिनं सगळ्यांसमोर तशीच हाक मारली, म्हणून तेच नाव तिथेही चिकटलं. धाकटी मागच्या परीक्षेत नापास झाली होती, आणि नुसती नापास नव्हे, गाजून नापास. पेशंट मधुमेहाचा होता. धाकटीनं आदल्या आठवड्यात मधुमेहाचा प्लॅन इतका पाठ केला होता की झोपेतून उठवलं असतं तरी तिनं म्हणून दाखवला असता. तो तिनं भराभर उतरवला. दोन्ही पावलं उबदार, दोन्हीकडे नाडी लागते, पेशंट रोज थोडं चालेल. परीक्षकांनी पेशंटच्या अंगावरची चादर बाजूला केली. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हताच. त्या बिचाऱ्यानं मात्र अशी मान खाली घातली, जणू पाय आणायला तोच विसरला होता.

ही गोष्ट होस्टेलभर झाली. मुली हसल्या, धाकटीही वरवर हसली आणि मग न्हाणीघरात नळ सोडून रडली. दुसऱ्यांदा नापास झालं की कॉलेजातून नाव कमी होई, नियमच तसा होता. "झालीस नापास तर झालीस, घर कुठे गेलंय?" असं आई फोनवर म्हणाली होती. ते ऐकून तिला जास्तच भरून आलं. घर नको होतं तिला. तिला नर्स व्हायचं होतं.

ट्यूटर मॅडम तोंडानं फटकळ होत्या, पण मनानं नाही. त्यांनीच चिठ्ठ्या काढताना कसली तरी हातचलाखी केली असावी. "तुला गाईडकाका आलेत," त्या म्हणाल्या. "आता इथेही बुडलीस तर मी हात टेकले. आणि बाहेरून आलेल्या परीक्षक बाई कशा आहेत माहीत आहे ना? नाकावर माशी बसू देत नाहीत. पाठ केलंस तेवढं बोल, फार शहाणपणा नको."

धाकटी वॉर्डात गेली तेव्हा काका खिडकीजवळच्या खाटेवर पाय खाली सोडून बसले होते. काकूंना बाहेर बाकावर बसवलं होतं, परीक्षेच्या वेळी नातेवाईक आत चालत नाहीत. काकांनी तिला पाहून डोळे मिचकावले.

"तूच ना ती पायवाली?"

"हो काका," ती म्हणाली. लपवून उपयोग नव्हता.

"घाबरू नकोस. माझे दोन्ही आहेत." ते हसले आणि हसताना खोकले. "चल, बस. मॅडमनी तुझं सांगितलंय मला. माझ्या खाटेवरची पोरगी अजून कधी बुडालेली नाही. कागद काढ."

धाकटीला एकदम हलकं वाटलं. तिनं आधी तापमान घेतलं, मग मनगट हातात घेतलं.

इथे एक खुबी आहे आणि ती प्रत्येक नर्सला पहिल्याच वर्षी शिकवतात. पेशंटला सांगून त्याचा श्वास मोजायचा नसतो. कुणी आपला श्वास मोजतंय म्हटलं की तो बिघडतोच, तुमचा-माझाही बिघडेल. म्हणून नाडी बघायचं निमित्त करायचं, मनगट धरून ठेवायचं, नजर घड्याळावर, आणि मोजायची मात्र छातीची हालचाल. पेशंटला वाटतं नाडीच चालली आहे. धाकटीनंही तसंच केलं. एकदाची नाडी झाली, पण तिनं मनगट सोडलं नाही. काकांची छाती संथ वर जात होती, संथ खाली येत होती. मिनिटाला बावीस. पुस्तकात अशा पेशंटला साधारण जेवढे असावेत तेवढेच, ना एक कमी ना एक जास्त.

तिनं ते लिहिलं. मग दुसरं लिहिलं, तिसरं लिहिलं. काका सांगत गेले. भूक बरी आहे, खोकला सकाळी जास्त, पहिला जिना सरळ चढतो, दुसऱ्याला थांबतो. वाक्यं लहान लहान होती आणि प्रत्येकाच्या पुढे काका जरासे थांबत, धाकटीला लिहायला वेळ मिळावा म्हणून. निदान तिला तसंच वाटलं.

पुढचं तपासण्याआधी हात धुवायला ती कोपऱ्यातल्या बेसिनकडे गेली. बेसिनवर आरसा होता. साबण लावता लावता तिनं सहज वर पाहिलं, आणि आरशात तिला खाटेवर दुसराच माणूस दिसला.

तो माणूस दोन्ही हातांनी खाटेची कड धरून पुढे वाकला होता. तोंड उघडं होतं. प्रत्येक श्वासाला खांदे वर ओढले जात होते, गळ्याच्या खालची खळगी आत जात होती. धावत्या गाडीमागे पळून ती चुकल्यावर माणूस धापा टाकतो, तसा तो बसल्या जागी धापा टाकत होता. धाकटीचे हात नळाखाली तसेच राहिले. तिनं आरशातच मोजायला सुरुवात केली. मिनिटाचे चौतीस झाले.

ती वळली. काका ताठ बसले, ओठ मिटले, चेहऱ्यावर हसू आणलं. छाती पुन्हा संथ.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. नाडीच्या नावाखाली श्वास मोजतात ही खुबी काकांना ठाऊक होती. का नसणार? इतक्या मुलींनी इतक्या वर्षांत त्यांचं मनगट धरलं होतं. मनगटावर बोटं पडली की ते श्वास आवरून धरत, आणि बोटं उचलली की उधारी फेडत.

"काका, मोजे काढते हं जरा," ती म्हणाली.

"मोजे कशाला?" काका पटकन म्हणाले. "अगं मी श्वासाचा पेशंट. पाय तुझ्या प्रश्नात नाहीत."

बाहेर उन्हाचा दिवस होता आणि काकांच्या पायात जाड लोकरी मोजे होते. ज्या मुलीचं पायावरून एकदा नाक कापलं गेलंय, ती आता कुणाचे पाय सोडणार? तिनं खाली बसून मोजा उतरवला. घोटा कुठे संपतो आणि पाऊल कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. तिनं अंगठ्यानं दाबलं आणि अंगठा उचलला. खळगा तसाच राहिला.

"काका, हे कधीपासून?"

"हे चालूच असतं."

"आणि श्वास? मी आरशात पाहिलंय तुम्हाला."

काकांचं हसू गेलं. त्यांनी दाराकडे पाहिलं, ट्यूटर मॅडम पलीकडच्या खाटेवरच्या मुलीला काहीतरी सुनावत होत्या.

"हे बघ पोरी," ते हळू आवाजात म्हणाले, आणि आता मधला थांबा कशासाठी आहे ते तिला कळत होतं. "बाई आत्ता येतील. पाच-दहा मिनिटं बोलतील. जातील. मग कुणाला काय सांगायचं ते सांग. मी नाही म्हणणार नाही. पण आत्ता सांगितलंस तर मला इथून हलवतील. तुझी केस रद्द. मग तुला तो कोपऱ्यातला म्हातारा देतील. तो परीक्षा म्हटली की डोळेच मिटून घेतो. काय लिहिणार त्याच्यावर?"

"तुम्हाला घरीच असं होत होतं?"

"होत होतं."

"मग आलात कशाला?"

"मॅडमना शब्द दिला होता ना. तुझ्यासाठी." काकांनी श्वास घेतला. "आणि मी नाही आलो तर कोण येणार? मला पर्याय आहे का कुणी?"

हे शेवटचं ते थोड्या ऐटीतच म्हणाले. भट्टी सुटल्यापासून त्यांना ऐट करायला दुसरी जागा नव्हती, हे धाकटीला तेवढ्यात समजलं.

आता खरं तेच सांगायला हवं. धाकटीला पास व्हायचं होतं. ती काही धावत सुटली नाही. ती स्टुलावर बसली, कागद मांडीवर घेतला आणि मनाशी म्हणाली, पाच-दहा मिनिटांनी काय होतंय? इतके दिवस काढलेत त्यांनी. तिनं पेन उचललं. आधीचं वाक्य डोळ्यासमोर आलं. पेशंट पहिला जिना सरळ चढतो. तिनं काकांच्या पावलांकडे पाहिलं. ही पावलं जिना चढत नव्हती. ही पावलं कदाचित घरातल्या घरातही धड चालत नव्हती. ती पुन्हा एकदा अशा पेशंटबद्दल लिहून बसली होती, जो समोरच्या खाटेवर नव्हताच. तिला आधी काकांचा राग आला, मग मॅडमचा, मग स्वतःचा. काकांच्या ओठांना निळसर झाक आली होती, सकाळपासून असणार. तिनं ती पाहिली नव्हती, कारण ती लिहीत होती.

ती उठली.

"अगं, बस! बस म्हणतो ना!" काका मागून म्हणाले, आणि तेवढ्यानंही त्यांना धाप लागली.

"मॅडम," धाकटी म्हणाली, "काकांना बरं नाही. खरंच बरं नाही. श्वास चौतीस आहेत, ओठ निळे पडलेत, पायांवर सूज आहे. डॉक्टरांना बोलवा."

"चौतीस?" मॅडमनी कपाळाला आठ्या घातल्या. "काकांचे नेहमी बावीस असतात. अगं वेडे, परीक्षक बाई चहा संपवून निघाल्यात. तू आत्ता..." बोलता बोलता त्यांनी काकांकडे पाहिलं. काकांच्यात आता सोंग करायचं त्राण उरलं नव्हतं. मॅडमचा आवाज लगेच बदलला. फटकळपणा गेला आणि कामाचा आवाज आला, खालचा आणि स्वच्छ. "स्टूल सरकव. यांना ऑक्सिजनच्या खाटेवर घेऊ. आडवं करू नकोस, बसवूनच. ऑक्सिजनचा वेग कमीच ठेव, जुन्या फुप्फुसांना जास्त सोसत नाही."

दोघींनी मिळून त्यांना हलवलं. धाकटीनं जेवणाचं टेबल पुढे ओढून त्यावर चादरीची जाड घडी ठेवली आणि काकांना त्यावर हात टेकून पुढे रेलायला सांगितलं. असं बसलं की छातीला जागा होते. डॉक्टर आले, छातीला नळी लावून ऐकलं, अंगातलं पाणी उतरायचं इंजेक्शन सांगून दुसऱ्या वॉर्डात गेले. धावपळ अशी झालीच नाही. आत आलेल्या काकू मात्र काकांचा इस्त्रीचा शर्ट पोटाशी धरून भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"जरासा खोकला होता," त्या ज्याला त्याला सांगत होत्या. "जरासाच होता हो."

परीक्षक बाई आल्या त्या सरळ खिडकीजवळच्या रिकाम्या खाटेशी. उंच, सडपातळ, चष्मा दोरीला अडकवलेला. "इथला पेशंट कुठाय? आणि परीक्षा देणारी?"

ट्यूटर मॅडमनी थोडक्यात सांगितलं आणि म्हणाल्या, "हिला दुसरी केस देते. थोडा वेळ वाढवून मिळाला तर..."

"दुसरी कशाला?" बाई म्हणाल्या. "पेशंटची हरकत नसेल तर याच केसवर बोलू."

काकांच्या तोंडावर मास्क होता. त्यांनी मान डोलावली, आणि काय सांगावं, इतक्या त्रासातही जरा सावरून बसले.

बाईंनी उभ्यानं परीक्षा घेतली नाही. स्टूल ओढून खाटेशी बसल्या. "तुझा कागद दे."

"कागद चुकीचा आहे," धाकटी म्हणाली. "त्यात लिहिलंय ते खरं नाही."

"मग खरं सांग. पहिलं डायग्नोसिस?"

"श्वास पुरत नाही. बसल्या जागी, काही न करता. त्यासाठी ऑक्सिजन कमी वेगानं, पुढे रेलून बसवलंय, दर थोड्या वेळानं ओठ, नखं आणि श्वास बघणार. मनगट न धरता मोजणार."

"मनगट न धरता का?"

"त्यांना कळतं."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "दुसरं?"

"अंगात पाणी साठलंय. रोज वजन, रोज घोट्यांचं माप, लघवी मोजणार, मीठ कमी." इथवर ती धडाधडा बोलली. मग अडखळली. ट्यूटर मॅडम तिच्याकडे रोखून बघत होत्या.

"तिसरं आहे का?"

"आहे," धाकटी म्हणाली. "पेशंट त्रास लपवतात. कारण त्रासाची उत्तरं त्यांना आम्हीच ठरवून दिली आहेत. आम्हाला लागतं तेवढंच आजारी राहायचं, त्याहून जास्त आजारी पडायची सोय नाही. आधीच्या आम्ही सगळ्यांनी त्यांचा जिना तसाच उतरवून घेतला. मीसुद्धा घेतला."

"आणि प्लॅन?"

"त्यांना परीक्षेला बोलवायचं नाही. यापुढे कधीच."

काकांनी मास्क खाली ओढला. "म्हणजे मला काढून टाकलं?" ते म्हणाले. धाकटीकडे नाही, मॅडमकडे बघून. "मॅडम? पोरगी पास व्हावी म्हणून आलो मी. आणि हिनं मलाच नापास केलं?"

धाकटीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, पण ती म्हणाली, "हो काका." तिला वाटलं, निदान एवढं तरी बरोबर झालं.

"हा प्लॅन कुणाला विचारून केलास?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"कुणाला म्हणजे? त्यांच्या भल्याचाच आहे."

"ते कळलं मला. त्यांना विचारलंस?"

धाकटीनं काकांकडे पाहिलं. विचारलं नव्हतं. तपासलं होतं, पकडलं होतं, डॉक्टरांना बोलवायला लावलं होतं. विचारलं मात्र नव्हतं. गेलं आपलं कॉलेज, तिच्या मनात आलं. मग तिला जाणवलं की कॉलेज गेलंच असेल तर आता घाबरायला काही शिल्लक नाही. ती काकांच्या समोर उकिडवी बसली, म्हणजे त्यांना मान वर करावी लागू नये.

"काका, मी चुकले. आता विचारते. तुम्हाला काय हवंय?"

काकांनी सवयीनं तोंड उघडलं. उत्तर यायला हवं होतं, त्यांच्याकडे प्रत्येक प्रश्नाचं होतंच. खोकला कधी, भूक किती, बेडका कोणत्या रंगाचा. पण हा प्रश्न त्यांना कधी कुणी विचारलाच नव्हता, त्यामुळे त्याचं उत्तरही पाठ नव्हतं. ते धाकटीकडे बघत राहिले. मग टेबलावरच्या घडीकडे. बाईंनी घाई केली नाही.

"मला आडवं व्हायचंय," काका म्हणाले.

"आत्ता? आत्ता नको काका, आडवं झालात तर..."

"आत्ता नाही गं. घरी." त्यांनी मास्कमधून दोन श्वास घेतले. "पलंगावर. हिच्या शेजारी. रोज झोपतात तसं."

काकू भिंतीपासून पुढे आल्या. "म्हणजे काय? झोपताच की तुम्ही."

"तुला झोप लागेपर्यंत." काका त्यांच्याकडे न बघता म्हणाले. "मग उठतो. खुर्चीत बसतो. आडवं झालं की बुडाल्यासारखं होतं. भीती वाटते. तू उठायच्या आत येऊन बसतो पलंगावर."

"मला वाटायचं तुम्हाला लवकर जाग येते," काकू म्हणाल्या. "बेकरीची सवय."

"वाटू दिलं."

"कधीपासून?"

"थंडी संपली तेव्हापासून."

काकूंनी शर्ट खाटेच्या कठड्यावर ठेवला, नीट घडी करून ठेवला. परीक्षक बाईंनी धाकटीपुढे कोरा कागद सरकवला. "लिही. ते म्हणाले तसंच लिही, पुस्तकी करू नकोस."

धाकटीनं लिहिलं. पेशंटला घरी, पलंगावर, पत्नीच्या शेजारी झोपायचं आहे.

"होईल हे?"

"सपाट नाही होणार," धाकटी म्हणाली. "सूज उतरली, औषध लागू पडलं, तर डोक्याकडची बाजू उंच करून, उशांवर रेलून झोपता येईल. सुरुवातीला चार तरी उशा लागतील. कदाचित होईल."

"प्लॅनमध्ये कदाचित लिहितात का?"

"नाही लिहीत."

"मग?"

"पण आहे ते कदाचितच, बाई."

बाई हसल्या नाहीत, उठून पुढच्या खाटेकडे गेल्या.

वाचणाऱ्याचा जीव उगाच टांगणीला नको म्हणून सांगून टाकायला हवं, धाकटी पास झाली. काठावर. पेशंटला विचारण्याआधी प्लॅन केला म्हणून बाईंनी तिचे भरपूर गुण कापले, आणि ते योग्यच केलं. काकांना पुन्हा परीक्षेला बोलावलं नाही. काका स्वतःच नको म्हणाले, पण ते पुढे, चार लोकांना नाही म्हणून दाखवण्याइतका दम आल्यावर. कॉलेजची मात्र पंचाईत झाली. पुढच्या वेळी कुणालाच तोंडपाठ नसलेले पेशंट आले आणि मुलींच्या तोंडचं पाणी पळालं म्हणे.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी बाई पुढे गेल्यावर ट्यूटर मॅडम नाक पुसायला बेसिनकडे गेल्या, आणि धाकटी काकांचा मास्क सारखा करत तिथेच थांबली. इंजेक्शननं काम सुरू केलं होतं, काकांचे खांदे जरा खाली आले होते. काकू खाटेच्या कडेला बसल्या होत्या आणि बोटं मोजत होत्या.

"घरात तीनच आहेत उशा," त्या म्हणाल्या. "तुमच्या दोन आणि माझी एक."

"तुझी नको," काका म्हणाले.

"का नको? मला काय करायची आहे? मी हातावर डोकं ठेवूनही झोपते." त्यांचा आवाज एकदम चढला, वॉर्डातल्या दोन-तीन माना वळल्या. "अहो, मला हलवून उठवायचं. निदान उशी तरी मागायची! माझी दिली नसती का मी?"

"दिली असतीस," काका म्हणाले. "पण मग तुला झोप लागली असती का?"

काकूंनी काकांचा सुजलेला पाय मांडीवर घेतला आणि उतरवलेला तो मोजा शोधायला लागल्या.